शांत झालेत

३ मार्च, सोमवार

चिमणी म्हणाली, आजपासून रोजचं रोज लिहून ठेव. चिमणी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची. आवाज बारीक आणि एका जागी बसवत नाही, म्हणून ते नाव. "चौकशीत विचारतील तेव्हा तुला काही आठवणार नाही," ती म्हणाली, "त्यांना मात्र सगळं आठवेल." म्हणून ही वही. वही बाबांची आहे. पहिल्या चार पानांवर त्यांनी औषधांच्या वेळा लिहिल्यात, पाचव्यापासून मी.

मी मदतकक्षात फोन घेते. आग, अपघात, भांडण, कोणी पडलं, कोणी हरवलं, की लोक आम्हाला फोन करतात आणि आम्ही ठरवतो कोणाला पाठवायचं, की पाठवायचंच नाही. सहा वर्षं झाली या कामाला.

गेल्या गुरुवारी सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांनी एका माणसाने कळवलं की वरच्या मजल्यावर आरडाओरडा चाललाय, काहीतरी फुटल्याचा आवाज आला. मी त्या घरचा नंबर काढून फोन लावला. एका बाईने उचलला.

"मदतकक्षातून बोलतेय. तुमच्याकडे भांडण चाललंय का?"

"नाही, आता शांत झालेत."

"कोणाला पाठवू का?"

"नको. मी बघते."

मागे कसलाही आवाज नव्हता. मी नोंदीत लिहिलं, 'वाद मिटला. मदत नको. ११.११.' आणि पुढचा फोन घेतला. तो लिफ्टमध्ये अडकलेल्या दोन बहिणींचा होता. त्या हसत होत्या, मीही हसले.

दुपारी चारला खालचे लोक वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. माणूस पलंगावर मरून पडला होता आणि बायको त्याचा हात धरून शेजारी बसली होती. तेव्हापासून ती एक शब्द बोललेली नाही. रुग्णालयात ठेवलंय तिला. डॉक्टरांचं म्हणणं, हृदय बंद पडलं, अकरा ते बाराच्या दरम्यान. 'वेळेवर कोणी पोचलं असतं तर' असं त्यांनी अहवालात लिहिलंय म्हणे. पुढे काय लिहिलंय ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

शांत झालेत. आजोबा गेले तेव्हा काकांनी फोनवर याच शब्दांत सांगितलं होतं, पहाटे शांत झाले. म्हणजे तो अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. त्या वेळी सुचला नाही, एवढंच. एवढंच?

४ मार्च, मंगळवार

साहेबांनी खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. पण ते फार चांगलं बोलले. "घाबरू नका. आपण सगळे एकाच घरातले. समिती बसेल, चार प्रश्न विचारेल. तुम्ही फक्त सहकार्य करा."

मी म्हटलं, "साहेब, ध्वनिमुद्रण ऐकलं की सगळं स्पष्टच होईल. माझा आवाज, तिचा आवाज."

ते म्हणाले, "यंत्रणा त्या काळात देखभालीखाली होती."

"म्हणजे?"

"म्हणजे मुद्रण उपलब्ध नाही. त्याचा विषय तुम्ही काढू नका, उगाच गुंता होईल. तुमची नोंद आहे, तुमची आठवण आहे. पुरे आहे की."

बाहेर आल्यावर चिमणीला सांगितलं. ती म्हणाली, "देखभाल कसली! अकरा दिवस झाले यंत्र बंद पडून. मी स्वतः अर्ज दिला होता दुरुस्तीचा." मग तिने तोंडावर बोट ठेवलं.

साहेबांनी तेवढ्यापुरता मला "आराम" दिलाय. फोनवर बसायचं नाही, मागच्या टेबलावर जुन्या नोंदी लावायच्या. आराम हा शब्द मला आवडला नाही. पण त्यांचा हेतू चांगलाच असणार.

६ मार्च, गुरुवार

मदतकक्षाच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक माणूस उभा होता. पंचेचाळिशीचा, करडा शर्ट, खांद्याला कातडी पिशवी. मी बाहेर पडले तसा रस्ता ओलांडून आला.

"त्या दिवशी फोनवर तुम्हीच होतात ना?"

मी एक पाऊल मागे सरकले.

"मी त्यांचा धाकटा भाऊ. चाव्या बनवतो. एकदा बोलायचं होतं तुमच्याशी."

मी म्हटलं, मला बोलायची परवानगी नाही, आणि चालू लागले. खरंच तशी सूचना आहे. मागून तो म्हणाला, "हरकत नाही. मी येत राहीन."

मी येत राहीन. घरी येईपर्यंत तीनदा मागे वळून पाहिलं. त्याला माझा चेहरा कसा कळला? कोणी दाखवला?

आणि पिशवीत चाव्या बनवायची हत्यारं. कोणतंही कुलूप उघडत असेल.

७ मार्च, शुक्रवार

आला होता. मी मागच्या दाराने गेले.

१० मार्च, सोमवार

मागच्या दारालाच उभा होता. जवळ आला नाही, चार हातांवरून बोलला. आवाज अगदी हळू. ओरडला असता तर बरं वाटलं असतं मला.

"ताई, घाबरू नका. तुम्ही एकट्या नाही आहात."

मी नकळत मागे बघितलं. कोणी नव्हतं.

"तुम्ही काय ऐकलंत ते मला माहीत आहे," तो म्हणाला. मी तिथून सुटलेच. मागून त्याचं शेवटचं वाक्य आलं. "जपून जा."

बसमध्ये बसल्यावर तळहातांकडे बघितलं तर नखांच्या खुणा उमटलेल्या. जपून जा. सहा वर्षांत मी किती धमक्यांच्या नोंदी केल्या असतील! त्यातल्या निम्म्या अशाच. 'बघून घेतो.' 'पुन्हा भेटू.' 'घर माहीत आहे तुमचं.' एकातही वाईट शब्द नसतो. एकदा साधा शब्द साधा समजले, तर माणूस गेला. दुसऱ्यांदा ती चूक करणार नाही.

११ मार्च, मंगळवार

नवीनच भीती. समितीपुढे सांगायचं म्हणून तो फोन मनात पुन्हा ऐकत होते, तर बाई म्हणाली, 'आता शांत झोपलेत.'

झालेत की झोपलेत?

कालपर्यंत झालेत होतं. आज झोपलेत ऐकू येतंय, तिच्याच आवाजात. झोपलेत असेल तर माझी काहीच चूक नाही, आणि म्हणूनच मला तो शब्द ऐकू येतोय का? साहेब सकाळी सहज म्हणाले होते, "झोपलेत म्हणाली असेल हो, नीट आठवून बघा." त्याआधी ऐकू येत होता का हा शब्द? आठवत नाही. वहीतलं माझं पहिलं पान काढून बघितलं. तिथे झालेत लिहिलंय. पण तेही मीच लिहिलंय, चार दिवसांनी.

१२ मार्च, बुधवार

बाबांना सांगितलं. त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून डाव्या बाजूला बसून सगळं दोनदा सांगावं लागलं. भीतीदायक गोष्ट दोनदा ओरडून सांगितली की जरा हास्यास्पद वाटते. शेजारणीने खिडकीतून डोकावूनही बघितलं.

बाबा म्हणाले, "जपून जा म्हणाला?"

"हो."

"मी चाळीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो. दिवसाला पाचशे माणसांना 'जपून उतरा' म्हणायचो. एकानेही माझ्यावर खटला भरला नाही."

"बाबा, सूर वेगळा होता."

"कसा होता?"

मी नक्कल करून बघितली. बाबा म्हणाले, "हा तर रडवेला सूर आहे." मला राग आला. ज्यांना एक कान नाही त्यांनी मला सूर सांगायचे! हे मी त्यांना म्हटलं नाही, पण ते उठून आत गेले. चेहऱ्यावर दिसलं असेल माझ्या.

१३ मार्च, गुरुवार

तक्रार दिली. साहेब स्वतः माझ्याबरोबर चौकीवर आले. इतक्या कामात असूनही. म्हणाले, "आमच्या माणसाला कोणी त्रास दिलेला मी खपवून घेणार नाही. शिवाय समितीपुढे तो साक्ष द्यायला येणार आहे. तो कसला माणूस आहे ते आधीच नोंदलेलं बरं."

हवालदार बाई माझ्याच वयाची. तिने विचारलं, "धमकी काय दिली?"

"म्हणाला, मी येत राहीन. तुम्ही एकट्या नाही आहात. तुम्ही काय ऐकलंत ते मला माहीत आहे. जपून जा."

तिने पेन टेकवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. "आणि?"

"सुरात होतं सगळं," साहेब म्हणाले. "या बाई रोज फोनवर माणसं ओळखतात. त्यांना कळतं."

तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'अर्जदाराचा वारंवार पाठलाग करून जिवाची भीती घातली.' मी म्हटलं, असं नाही म्हणाले मी. ती म्हणाली, "तुम्हाला भीती वाटली ना? जिवाची वाटली ना? मग तेच झालं." ते खरंच होतं. मी सही केली.

१४ मार्च, शुक्रवार

फाटकाशी कोणी नाही. मागच्या दाराशीही नाही. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

१८ मार्च, मंगळवार

समितीचा दिवस. उशीर झालाय, पण आजच लिहायला हवं.

लांब टेबलामागे तीन माणसं. मधोमध पांढऱ्या केसांच्या बाई, त्याच अध्यक्ष. डावीकडे भिंतीशी साहेब. मला आधी विचारलं. मी नोंद वाचून दाखवली. "ती नेमकं काय म्हणाली?" अध्यक्ष बाईंनी विचारलं. साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "झालेत किंवा झोपलेत. आता खात्री नाही." तिघांनीही एकदमच काहीतरी लिहिलं. तो पेनांचा आवाज अजून कानात आहे.

मग चाव्यावाल्याला बोलावलं. त्याच्या शर्टाची इस्त्री नीट होती, पण चेहरा सुजल्यासारखा, न झोपलेला. साहेब लगेच म्हणाले, "या गृहस्थांविरुद्ध आमच्या कर्मचाऱ्याची पोलिसांत तक्रार आहे, हे समितीने लक्षात घ्यावं." त्याने मान खाली घातली. अध्यक्ष बाई म्हणाल्या, "घेऊ. आधी ऐकू तरी."

तो बोलला ते मला जवळजवळ शब्दन् शब्द आठवतंय.

"दादाला वर्षापूर्वी मेंदूचा झटका आला, त्यानंतर त्याचे शब्द बिघडले. म्हणायचं एक, तोंडातून यायचं दुसरं. पाणी हवं असलं की खिडकी म्हणायचा. समोरच्याला कळलं नाही की चिडायचा, वस्तू फेकायचा. त्या दिवशी अकरा वीसला मी घरी फोन केला, तब्येत विचारायला. रोज करतो. वहिनी म्हणाली, 'भाऊजी, ते शांत झालेत.' मी म्हटलं, बरं झालं, पडू दे आता जरा. आणि फोन ठेवला."

मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"मदतकक्षातल्या बाईंनाही वहिनी तेच म्हणाली असणार, असं मला वाटलं. तोच शब्द त्यांनीही ऐकला असणार आणि त्यांनाही तो तसाच वाटला असणार. म्हणून गेलो होतो. या एका शब्दापायी मला झोप नाही. दुसऱ्या कोणालाच ते कळणार नाही, कळलं तर त्यांनाच, असं वाटलं. त्या घाबरल्या. मला नीट बोलता येत नाही. कुलपांशी बोलायची सवय."

मग त्याने विचारलं, "तो फोन एकदा ऐकवाल का?"

साहेब म्हणाले, "यंत्रणा देखभालीखाली होती."

"किती दिवस?" अध्यक्ष बाईंनी विचारलं.

"काही दिवस."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काही म्हणजे किती?"

पुढचं मी ऐकलं नाही. माझ्या कानात एकच चाललं होतं. तुम्ही एकट्या नाही आहात. तुम्ही काय ऐकलंत ते मला माहीत आहे.

झालेतच होतं. झोपलेत कधीच नव्हतं.

१९ मार्च, बुधवार

कामावर गेले नाही. बाबांनी चहा करून दिला, त्यात साखर विसरले. मी तसाच प्यायले.

२० मार्च, गुरुवार

चौकीवर गेले. हवालदार बाईला म्हटलं, तक्रार मागे घ्यायची आहे, माझं चुकलं.

"घ्या की मागे," ती म्हणाली. तिने जाड वही उघडली, माझ्या तक्रारीपुढे 'निकाली' असं लिहिलं.

"आता ती पुसली जाईल ना?"

"पुसत नाही. निकाली म्हणजे आमचं काम संपलं. नोंद राहते." मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "त्याला शुक्रवारी दिवसभर इथे बसवून ठेवला होता. बोटांचे ठसे घेतले. चाव्या बनवणारा ना तो, त्यामुळे आमच्या साहेबांना जरा जास्तच वाटलं. त्याला दोन-तीन मोठ्या इमारतींचं काम होतं. तिथे जाऊन विचारपूस केली आमच्या लोकांनी."

"मग?"

"मग काय? ज्याच्याबद्दल पोलीस विचारून जातात, त्याच्या हातात घराची किल्ली कोण देईल?"

ती हे वाईट हेतूने म्हणत नव्हती. सबंध आठवडा मला त्याची भीती वाटत होती, आणि त्या आठवड्यात धोका त्याला होता. माझ्यापासून.

२२ मार्च, शनिवार

त्याचं दुकान शोधून काढलं. बाजाराच्या इमारतीत जिन्याखाली, माणूस जेमतेम उभा राहील एवढं. भिंतभर कोऱ्या चाव्या खिळ्यांना टांगलेल्या. मी खांबाआड उभी राहिले. पुढे व्हायचा धीर होत नव्हता.

एक म्हातारे गृहस्थ कुलूप दुरुस्त करून घेत होते. काम झालं, ते काठी टेकत निघाले, तसा तो म्हणाला, "काका, जपून जा." अगदी तसाच. तोच सूर, तोच हळू आवाज.

खांबाला धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग त्यानेच बघितलं. उठून उभा राहिला आणि दोन पावलं मागे सरकला. मला बघून. त्या एवढ्याशा दुकानात मागे सरकायला जागाही नव्हती, पाठ चाव्यांना लागली आणि त्या सगळ्या वाजल्या.

मी म्हटलं, "मी माफी मागायला आलेय."

तो म्हणाला, "बसा." बसायला काही नव्हतं. मग त्यानेच स्वतःचं स्टूल पुढे केलं.

मी घरून एक पत्र लिहून नेलं होतं, ज्या इमारतींचं काम गेलं त्यांना दाखवायला. त्याने चष्मा लावून वाचलं. सावकाश, ओळीवर बोट फिरवत. एका जागी बोट थांबलं. मी लिहिलं होतं, 'माझ्याकडून आलेल्या तक्रारीत गैरसमज झाला होता.'

"हे 'झाला' नको," तो म्हणाला.

"मग?"

"गैरसमज झाला म्हटलं की तो आपोआप झाल्यासारखा वाटतो. पाऊस पडला तसा. वाचणाऱ्याला वाटेल, थोडं माझंही काहीतरी असेल. तुम्हाला चालणार असेल तर... 'मी करून घेतला' लिहा."

मला सहा वर्षं वाटत होतं शब्दांचं मला कळतं. तिथेच पत्र दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहिलं. 'यांनी मला कोणतीही धमकी दिली नव्हती. मी गैरसमज करून घेतला आणि खोटी ठरलेली तक्रार दिली.' खाली सही, नाव, पत्ता. पत्ता लिहिताना हात क्षणभर थांबला, जुन्या सवयीने.

पत्राची घडी करून त्याने पिशवीत ठेवली. काही उपयोग होईल असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. मग म्हणाला, "वहिनी काल बोलली. पाणी मागितलं. उद्या मी जाणार आहे. तुम्ही येता?"

मला नाही म्हणायचं होतं. जीव घाबरला होता. मी हो म्हणाले.

२३ मार्च, रविवार

रुग्णालयात खिडकीजवळची खाट. वहिनी म्हणजे मी मनात धरली होती तशी म्हातारी नाही, पन्नाशीची असेल. केस कोणीतरी घट्ट विंचरून दिलेले. चाव्यावाल्याने माझी ओळख करून दिली. "वहिनी, या त्या फोनवरच्या." तिने मला नीट बघून घेतलं.

"तुमचा आवाज लहान मुलीसारखा वाटला होता," ती म्हणाली.

मी विचारलं. इतक्या दिवसांत जे कोणालाच विचारलं नव्हतं ते. "तुम्ही 'शांत झालेत' म्हणालात, तेव्हा म्हणजे काय झालं होतं?"

ती बराच वेळ चादरीची कड दुमडत राहिली. मग सांगू लागली, एका सुरात, जणू दुसऱ्या कोणाची हकीगत.

"सकाळपासून छत्री, छत्री चाललं होतं त्यांचं. मी म्हटलं, अहो, ऊन पडलंय बाहेर. तरी छत्रीच. मी काढून दिली छत्री. त्यांनी कप फेकला. पुन्हा छत्री. हात असा स्वतःवर आपटत होते." तिने आपल्या छातीवर हात ठेवून दाखवलं, आणि हात तिथेच राहिला. "छाती म्हणत असतील हो. छाती. आणि मी छत्री उघडून दाखवत बसले."

चाव्यावाला खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"मग ओरडायचे थांबले, आडवे झाले. तेवढ्यात तुमचा फोन आला. फोन दाराशी आहे, मी पाठमोरी होते. शांत झालेत म्हटलं, कारण शांत झाले होते, ओरडत नव्हते. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. फोन ठेवून वळले, जवळ गेले, हात धरला, तेव्हा कळलं."

तिने चादरीची कड पुन्हा सरळ केली.

"मग भाऊजींचा फोन आला," ती म्हणाली. "यांना सांगितलं मी. ते शांत झालेत, म्हणून सांगितलं. यांना सांगताना मला माहीत होतं." ती त्याच्या पाठीकडे बघत होती. आवाजात राग नव्हता, तेच जास्त भयंकर होतं. "हे म्हणाले, बरं झालं. मग मी ठेवला फोन. म्हटलं, सांगून तर झालं, येतील आता. म्हणून बसून राहिले वाट बघत."

त्याची पाठ हलली नाही. खिडकीच्या गजावरचा हात मात्र पांढरा पडला होता.

आणि आता जे खरं आहे ते लिहिते, कारण ही वही कोणी वाचणार नाही. मला हायसं वाटलं. माझ्या वेळचा शब्द साधाच होता! चूक माझी नव्हती, त्याची होती. तो तिथे उभा असताना, त्याच्या पाठीकडे बघत, मला हायसं वाटलं. घटकाभरच. मग लक्षात आलं की मी तेव्हा एवढं जरी विचारलं असतं, की शांत म्हणजे कसे, काय करतायत, तर फोन हातात असतानाच ती वळली असती. त्याच्या फोनच्याही नऊ मिनिटं आधी.

आम्ही जिना उतरलो. तळमजल्यावर तो थांबला आणि भिंतीला टेकून खालीच बसला. मी शेजारी उभी राहिले. ये-जा करणारे लोक त्याला वळसा घालून जात होते.

३१ मार्च, सोमवार

समितीची शेवटची बैठक. साहेब आले नव्हते. यंत्र अकरा दिवस बंद होतं, हे चिमणीने अर्जाच्या प्रतीसकट सांगितलं. तिच्या बारीक आवाजात, पण बसून, अजिबात न हलता. साहेबांची बदली झाली. त्याला तिथे 'नवी जबाबदारी' म्हणतात.

चाव्यावाला मागच्या बाकावर बसला होता.

अध्यक्ष बाईंनी मला विचारलं, "तुम्ही त्या बाईंना भेटलात असं कळलं. काय म्हणाल्या त्या?"

मी म्हटलं, "त्यांनी 'शांत झालेत' असंच म्हटलं होतं. माझ्याशी बोलताना त्या पाठमोऱ्या होत्या. मी शांत म्हणजे काय असं विचारलं असतं, तर त्या वळल्या असत्या. मी विचारलं नाही. नोंदीत मी 'वाद मिटला' लिहिलं, तेही त्यांचे शब्द नव्हते, माझे होते."

"आणखी काही बोलल्या?"

मागे बाक करकरला. मी वळून बघितलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

निर्णय लगेच सांगितला. तीन महिने फोनवर नाही, कागदांच्या खोलीत. त्यानंतर पुन्हा बघू. त्या बाईंवर कसलाही ठपका नाही. चाव्यावाल्याबद्दल काही उल्लेखच नाही, तो या चौकशीचा विषय नाही म्हणे.

बाहेर तो बसच्या थांब्यावर उभा होता. इमारतींपैकी एकीने काम परत दिलंय. दुसरीने पत्र ठेवून घेतलं, कळवतो म्हणाले. त्याचा अर्थ आम्हाला दोघांनाही माहीत होता.

"का नाही सांगितलंत?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"वहिनी कधीतरी सांगेल कोणाला तरी."

"सांगतील."

"तेव्हा तुम्हाला विचारतील. खोटं बोललात म्हणतील."

"म्हणतील."

त्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "भीती नाही वाटत?"

"वाटते," मी म्हटलं. "कालपासून जेवणच गेलं नाही."

"मलाही वाटते," तो म्हणाला. "वहिनीला उद्या घरी आणायचंय. ती आणि मी, दोघंच असू त्या घरात. ती काही म्हणाली, तर मला नीट कळेल का, याचीच भीती वाटते."

त्याची बस आली. लोक चढले. तो चढला नाही. कंडक्टरने हाक दिली, मग घंटी मारली. दुसरी बस येईपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.